बारक्या, इथली काडी आणून उपयोग नाही

शाब्ली, फ्रान्स, 2 मे

ती. नाना, ती. सौ. आई आणि ती. आजीस,
साष्टांग नमस्कार. बारक्याला आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

हे पत्र आजीमुळे लिहितेय. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "तुझं तोंड दिसतं गं, पण बोललेलं ध्यानात राहत नाही. कागदावर लिही, मी पुन्हा पुन्हा वाचून घेईन." म्हणून कागद. आई, मोठ्याने वाच, मधलं गाळू नकोस. शेवटचं पान मात्र आधी तू आणि नानांनी वाचा, मग ते आजीला वाचायचं की नाही ते ठरवा.

मी मजेत आहे. वजन कमी झालेलं नाही. व्हिडिओत गाल आत गेल्यासारखे दिसतात ते खिडकीच्या उजेडामुळे. डाळ-तांदूळ मिळतात. कुकरची शिट्टी पहिल्यांदा ऐकली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाई गॅस फुटला समजून धावत आल्या होत्या, आता तिसरी शिट्टी झाली की त्याच भिंतीवर टकटक करून "झालं" असं सांगतात. रात्री एकटी फिरत नाही. गाव सव्वादोन हजार वस्तीचं, आठ वाजता कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं, फिरायचं म्हटलं तरी कुठे फिरणार? बोनच्या वाईन-शाळेचे आठवडे सोडले तर मी इथेच असते, जिथे काम शिकते त्या मालकांच्या द्राक्षबागेत नाहीतर वाईनच्या तळघरात. थंडी गेली, जवळजवळ. "जवळजवळ" का, ते पुढे येईल.

आता बारक्या, तुझा मेसेज. "येताना तिथल्या भारी वाणाच्या चार काड्या बॅगेत टाक, वरच्या माळावर दोन एकर लावू." एका ओळीत विचारलंस, पण मला याचं उत्तर नीट द्यायचंय, कारण विचारणारा तू असलास तरी मागून नाना ऐकतायत हे मला माहीत आहे.

पहिली गोष्ट, काड्या अशा बॅगेत टाकून आणता येत नाहीत. विमानतळावर धरतील, आणि धरलंच पाहिजे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी मव्यासारखी कीड आली आणि तिने सगळ्या फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. तेव्हापासून इथेही आपल्यासारखंच, खाली जंगली खुंट आणि वर कलम. आपण डॉगरिज खुंट लावतो तो खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून. इथे खुंट लागतो तो त्या किडीसाठी, आणि शिवाय चुन्यासाठी.

दुसरी गोष्ट, वाण काही गुपित नाही. इथे एकच वाण आहे, शार्दोने. जुनी माणसं त्याला अजून "बोनवा" म्हणतात. शाब्ली असं बाटलीवर लिहायचं तर आत दुसऱ्या द्राक्षाचा थेंब चालत नाही, कायदाच आहे. बाटलीवर वाणाचं नावही बहुतेक नसतं, फक्त जागेचं. आणि शार्दोने भारतात आहे की, अकलूजच्या बाजूला लावलेलं आहे. मग अकलूजला शाब्ली का होत नाही?

नाना, तुम्ही इथली जमीन पाहिलीत तर पायरीवरूनच परत फिराल. पांढरट-करडी माती, दगडच दगड, पाऊस झाला की बुटाला दोन किलो चिखल चिकटतो, वाळला की चुना. तुम्ही म्हणता ना, "चुनखडीत बाग म्हणजे पानं पिवळी आणि खिसा रिकामा"? इथेही पानं पिवळी पडतातच. म्हणून 41 बी नावाचा खुंट वापरतात, तो चुना सोसतो. पण हीच जमीन हवी म्हणून माणसं पिढ्यान् पिढ्या भांडलीत.

कारण ती साधी चुनखडी नाही. साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाचा गाळ, चुना आणि बारकी बारकी कालवं, असे थरावर थर बसले. दगड हातात घेऊन अंगठ्याने चोळला की नखाएवढ्या शिंपा दिसतात, अगदी स्वल्पविरामासारख्या वळलेल्या. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या किमरिज गावावरून या थराला किमरिजियन म्हणतात. त्यात चिकणमाती आणि चुन्याचा दगड आलटून पालटून येतात. माती ओल धरून ठेवते, दगड जास्तीचं पाणी सोडून देतो. ठिबक नाही, बोअर नाही, उन्हाळ्यात वेलाला कोणी पाणी पाजत नाही. पाऊस आपल्यापेक्षा फार जास्त पडतो असंही नाही, पण तो बारा महिने थोडा थोडा पडतो. उरलेलं काम ती माती करते.

पाकिटात एक बारका दगड आहे, त्यातली शिंप बघा. आजी, तो तुझ्यासाठी. आणि रागावू नकोस, पण आपल्या देवघरातला शाळिग्राम आहे ना, त्याच्यावरचं चक्र म्हणजेही समुद्रातल्या एका शंखवाल्या जीवाचा दगडात राहिलेला ठसाच. गंडकीतले ते दगड आणि इथली ही जमीन साधारण एकाच जमान्यातली आहे. हे वर्गात कळलं त्या दिवशी मी एकटीच हसत बसले होते, शिक्षकांना वाटलं मला काही समजलं नाही. देव देवच आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. हा दगड देवघरात ठेवू नकोस, खिडकीत ठेव.

टेकडीच्या डोक्यावर दुसरा थर आहे, जरा कडक चुन्याचा, त्याला पोर्टलँडियन म्हणतात. सिमेंटच्या गोणीवर पोर्टलँड लिहिलेलं असतं ना, तेच नाव. तिथल्या वाईनला "प्ती शाब्ली" म्हणतात, म्हणजे धाकटी. खालच्या उतारांवरची नुसती "शाब्ली". त्यातल्या चांगल्या उतारांची "प्रमिये क्रू". आणि सगळ्यात वरच्या मानाची "ग्रां क्रू", तिची एकच टेकडी, गावासमोर, सरँ नदीच्या उजव्या काठाला, तोंड नैर्ऋत्येला. सगळी मिळून जेमतेम अडीचशे एकर. तिचे सात तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला नाव. इथे त्या तुकड्याला "क्लिमा" म्हणतात, नि ते ऐकायला फार मोठं वाटतं, पण आपलं "चिंचेचं वावर" आणि "थडीचं वावर" म्हणजे दुसरं काय? एका तुकड्याचं नाव "ग्रनुय", म्हणजे बेडूक. नदीच्या जवळ, म्हणून बेडकाचं वावर. सगळ्यात मोठा तुकडा "ले क्लो". क्लो म्हणजे कुंपण घातलेलं रान. एकच वाण, तोच खुंट, तोच ट्रॅक्टर, नि बेडकाच्या वावरातली बाटली डोक्यावरच्या धाकटीपेक्षा चार-पाच पट महाग.

नाना, इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की हा सगळा व्यापाऱ्यांचा खेळ. थोडा आहेही. 1970 च्या दशकात इथले शेतकरीच दोन गटांत फुटले होते. एक गट म्हणायचा, किमरिजियन असेल तरच शाब्ली, बाकी कोणी नाव लावायचं नाही. दुसरा म्हणायचा, उतार आणि ऊन पाहा, दगडाचं काय घेऊन बसलात. शेवटी दुसऱ्या गटाच्या बाजूने नियम सैल झाले आणि लागवड वाढली. आजही कोणत्या घराचा आजा कोणत्या गटात होता ते लोक सांगतात. शिवेच्या बांधावरून कोर्टात जाणारी आपली माणसं मला तेव्हा अगदी जवळची वाटली.

माझं मत विचाराल तर वेल काही शिंपा पीत नाही. वाईनला कालवाची चव येते, दगडाची येते, असं इथे सगळे म्हणतात, पण दगडातला चुना सरळ पेल्यात उतरतो असं विज्ञान मानत नाही. दगड करतो ते काम दुसरं. तो पाणी बेताने देतो, मुळं खोल ओढतो, आणि माल मर्यादेत ठेवतो. बाकीचं काम थंडी करते. चव कशी लागते म्हणाल, तर आधी लिंबू आणि हिरवं सफरचंद, मग नव्या माठातलं पाणी. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर तोंडात जे राहतं, तसं काहीतरी शेवटी राहतं. याहून बरी उपमा मला अजून सुचलेली नाही, आणि वर्गातल्या फ्रेंच पोरांना आवळा माहीत नाही.

आता थंडीचं. हे खास नानांसाठी.

इथे वर्षातून एकच छाटणी, जानेवारी ते मार्च, उघड्या काळ्या खोडांची. आपण एप्रिलची खरड (काडी तयार व्हायला) आणि ऑक्टोबरची गोडी (फळासाठी) अशी छाटणी दोनदा करतो हे सांगितलं तेव्हा मालकांनी मला दोनदा विचारलं, "वेल झोपतो कधी?" मी म्हटलं, आमच्याकडे झोपत नाही. छाटलेल्या काड्या पत्र्याच्या अर्ध्या पिंपाची केलेली एकचाकी गाडी असते, तिच्यात जागच्या जागी जाळत पुढे जायचं. सकाळी उणे तीन असताना मी त्या गाडीला चिकटूनच छाटणी केली, त्यामुळे माझ्या सगळ्या कपड्यांना चुलीचा वास येतो. आई, तो वास मला आवडतो, म्हणून मी ते स्वेटर धुवायचा कंटाळा करते.

एप्रिलमध्ये डोळे फुटतात, कोंब दोन बोटं होतात, आणि नेमकं तेव्हाच हिव पडतं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशी रात्र आली की सगळ्या गावाची झोप जाते. थंड हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून खाली येते नि नदीच्या खोऱ्यात साचते. ओल्या कोंबाला उणे दोन लागलं की सकाळी तो चहाच्या चोथ्यासारखा काळा. गेलं वर्ष. 1957 साली तर जवळजवळ सगळंच गेलं होतं, तेव्हापासून इथली माणसं हिवाशी लढायला लागली. 2016, 2017, 2021, ही सालं इथे आपल्या गारपिटीच्या सालांसारखी बोटांवर मोजतात. आणि 2024 मध्ये हिव पुरेसं नव्हतं म्हणून की काय, गारा आल्या, त्याही 1 मेला. आपला महाराष्ट्र दिन.

लढायचे दोन मार्ग. एक, मेणाचे डबे. पत्र्याचा बादलीएवढा डबा, आत मेण आणि जाड वात. एकरी दीडशेच्या आसपास मांडायचे. एकेक डबा आठ-दहा युरोचा, आणि एका रात्रीत जवळजवळ जळून जातो. हिशेब करा म्हणजे झोप का लागत नाही ते कळेल. दुसरा मार्ग ऐकून तुम्ही हसाल. कोंबांवर पाणी मारायचं. रात्रभर, तुषार सिंचनाने, पार बर्फ होईपर्यंत. पाणी गोठताना ऊब सोडतं, त्यामुळे बर्फाच्या आतला कोंब शून्यावर राहतो, खाली जात नाही. पण पंप मध्येच बंद पडला तर न मारलेलं बरं होतं अशी गत होते, ऊन येऊन बर्फ गळेपर्यंत थांबायचं नाही. जवळच्या बेन गावात एक तळं खास यासाठीच खोदलेलं आहे. नाना, निफाडला पारा चारवर आला की तुम्ही पहाटे तीनला बोअर चालू करता आणि बांधावर शेकोट्या पेटवता, ते आठवलं का? मी वर्गात हे सांगितलं तेव्हा कोणाला खरं वाटेना की भारतात थंडीसाठी बाग शेकतात. मोबाईलवरचा फोटो दाखवला, तुम्ही कानटोपी घालून शेकोटीशी उभे आहात तो. आता तो फोटो आमच्या तळघराच्या दारावर लावलेला आहे, खाली फ्रेंचमध्ये "आमचा सहकारी" असं लिहून.

एप्रिलच्या मध्याला सलग तीन रात्री आम्ही डबे पेटवले. मी पहिल्या रात्री सत्तावीस ओळी पेटवल्या, भुवईचे केस थोडे जळाले (आता उगवलेत). पहाटे तीनला वर बांधावर उभी राहिले तर अख्ख्या टेकडीवर दिवे, समोरच्या टेकडीवर दिवे, खाली नदीकडे धूर. मालकांच्या जीपजवळ थर्मामीटर उणे तीन दाखवत होता. तेव्हा नानांना फोन लावला होता मी. तुमच्याकडे साडेसहा वाजलेले. रिंग गेली आणि मी कापला. नंतर तुम्ही विचारलंत तर चुकून लागला म्हणाले.

आमच्या तुकड्यातले वीस-पंचवीस टक्के कोंब गेले. मालक म्हणाले, चांगलं वर्ष आहे. आणि अजून संपलेलं नाही, मेच्या 11, 12, 13 तारखेला "बर्फाचे संत" म्हणून तीन संतांचे दिवस येतात. ते उलटेपर्यंत इथे कोणी निश्चिंत होत नाही, जसं मृग बरसल्याशिवाय आपण पेरणीचं बोलत नाही. म्हणून वर "जवळजवळ" लिहिलं.

ही थंडी आहे म्हणून ती चव आहे, बारक्या. पीक सावकाश येतं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण ऊन तिरकं, म्हणून तर त्या नैर्ऋत्येच्या उताराला एवढा भाव. आपण घडाला कागद गुंडाळून उन्हापासून लपवतो, इथे ऊन सापडेल तिथे बाग. साखर हळूहळू चढते आणि आंबटपणा शेवटपर्यंत टिकतो. आपल्या माळावर फेब्रुवारीच्या उन्हात शार्दोनेची साखर धावत सुटेल आणि आंबटपणा आठवड्यात बसेल. वाईन होईल, कदाचित बरीही होईल, पण ती दुसरीच काहीतरी होईल. शार्दोनेला स्वतःचा असा मोठा सुगंध नसतो, जिथे लावाल तिथलं ते बोलतं. म्हणून काडी नेऊन उपयोग नाही. आता तर इथलंही बदलतंय, पूर्वी सप्टेंबरच्या अखेरीला लागणारी तोडणी गेल्या काही वर्षांत ऑगस्टच्या शेवटालाच सुरू झाली आहे. म्हातारे लोक काळजी करतात, व्यापारी म्हणतात साखर छान येते.

शिवाय माल बघ. ग्रां क्रूला हेक्टरी 54 हेक्टोलिटर वाईन, ही मर्यादा. द्राक्षात धरलं तर एकरी तीन टनांच्या आत. तुम्ही एकरी दहा-बारा टन काढता, मणी अठरा एमएमचा. इथला मणी हरभऱ्यापेक्षा जरा मोठा. नाना असा घड पाहून म्हणतील, "ह्याचं थिनिंग कोणी केलंच नाही का?" (मण्यांची विरळणी, आजी.)

नाना, एक गोष्ट फक्त तुम्हाला. त्या वर्षी कंपनीने माल उचलला नाही आणि तुम्ही वाईनच्या द्राक्षाची, शेनिन ब्लांची, दोन एकर बाग जेसीबीने काढलीत. मी आठवीत होते, तुम्ही दिवसभर जेवला नव्हतात. तुम्हाला वाटतं तुमचं चुकलं, वाईन आपलं काम नव्हे. इथे कीड, दोन महायुद्धं, रेल्वेने दक्षिणेतून आलेली स्वस्त वाईन, आणि वर हिव, या सगळ्याने 1950 च्या दशकात शाब्लीच्या बागा पाचशे हेक्टरच्या आसपास उरल्या होत्या. आज साडेपाच हजारांच्या वर आहेत. या मालकांच्या वडिलांनीही वेल उपटून गहू पेरला होता. एवढंच सांगायचं होतं. बारक्याच्या माळाबद्दल मला आधी माती परीक्षण पाठवा, चुना किती, निचरा कसा. आणि घेणारा कोण ते आधी, लावायचं नंतर.

आता आजीच्या काळजीचं. "पोरगी दारूच्या कारखान्यात, पीत असेल." हे वाक्य आजीचं नाही, कोणाचं आहे ते मला कळलंय, आई नाव घेत नसली तरी.

मी पीत नाही. मी थुंकते.

हे नीट समजावून सांगते, कारण मला स्वतःला ते समजायला महिना लागला. इथे सकाळी अकराला, जेवणाआधी, तोंड ताजं असतं तेव्हा चव घ्यायची असते. पेल्यात दोन चमचे वाईन. आधी उजेडात बघायची, मग वास, मग पेला गोल फिरवून पुन्हा वास. मग एक घोट तोंडात, आणि ओठांतून हवा आत ओढायची, आवाज करत. आजोबा बशीतून चहाचा फुरका मारायचे ना, अगदी तस्सा. लहानपणी त्या फुरक्याबद्दल मी मार खाल्ला, इथे फुरका येत नाही म्हणून बोलणी खाल्ली. मग ते तोंडात सगळीकडे फिरवायचं, जिभेच्या कडांना, हिरड्यांना, जशी आपण चूळ भरतो. आणि मग थुंकायचं. थुंकायला मध्ये उंच बादली असते, तिला नाव आहे, "क्राश्वार". हजारो रुपयांची बाटली असो, बादलीतच जायची. पण थुंकणंही साधं नाही. धार एक हवी, बारीक, सरळ, थेंब हनुवटीवर नको, शेजाऱ्याच्या बुटावर नको. मालक सहा फुटांवरून मोरीच्या जाळीत नेमकी धार टाकतात. त्या बाबतीत आपल्या गावच्या पारावरची पान खाणारी मंडळी इथे सरळ परीक्षक म्हणून लागतील. मी न्हाणीघरात पंधरा दिवस पाण्याने सराव केला. आणि थुंकल्यावर सगळे गंभीरपणे वहीत लिहितात. एका सकाळी तीस-तीस नमुने असतात, गिळलं तर दुपारी ट्रॅक्टर कोण चालवणार?

तर अशी ही थुंकण्याची नोकरी. खोटं लिहायचं नाही म्हणून सांगते, मालकांच्या आईच्या वाढदिवसाला अर्धा पेला गिळला होता. बास, तेवढाच. आणि आजी, इथल्या बागा मुळात साधूंनी वाढवल्या. 1114 साली स्थापन झालेला पोंतिन्यीचा मठ इथून जवळच आहे. तिथले साधू गप्प राहायचे, शेतात राबायचे आणि पूजेसाठी वाईन करायचे. मी जाऊन आले. आत पांढरा दगड आणि गारवा, कोणी बोलत नाही. मी कोपऱ्यात बसून तुझा हरिपाठ म्हटला, मनातल्या मनात. माळ गळ्यातच आहे.

आई, इथून पुढचं आधी तू आणि नाना वाचा.

पैसे. पुढच्या सोमवारी सत्तर हजार पाठवतेय. ते सोसायटीत भरू नका, खतवाल्याला देऊ नका, बारक्याच्या मोबाईलला तर नाहीच. त्यातून तुझ्या पाटल्या सोडवून आण. माझ्या फीसाठी ठेवल्या होत्यास आणि मला सांगितलंस की पॉलिश करायला दिल्यात. वर्षभर पॉलिश चाललंय का गं? मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर फी परत मागावी लागली असती.

ओझरचं स्थळ. मुलगा चांगला आहे, मी त्याच्याशी दोनदा बोलले, पुण्याची नोकरी, घर नीट, सगळं खरं. त्याला मी सांगितलं की माझं अजून एक वर्षाचं काम आहे. तो म्हणाला, घरच्यांना विचारतो. तुम्ही थांबायला सांगू नका त्यांना, त्याच्या बहिणीचंही खोळंबलंय. नकार माझ्याकडून कळवा, तुमच्याकडून नको. लोक काय म्हणायचं ते मला म्हणू देत.

आणि ते एक वर्षाचं काम. शाळा या सप्टेंबरमध्ये संपते. मालकांनी पुढच्या वर्षाच्या तोडणीपर्यंत राहायला सांगितलंय, पगारावर, तळघराची निम्मी जबाबदारी देऊन. म्हणजे या दिवाळीला मी येत नाही. मी हो म्हटलंय. सही करून दहा दिवस झाले. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, हे मला कळतं. त्या पहाटे फोन लावला होता तो यासाठीच लावला होता, नुसते दिवे दाखवायला नाही. पण रिंग गेली तेव्हा डोळ्यापुढे आलं, नाना आत्ता पंपावर असतील, हात चिखलाचे, फोन खिशातून काढता काढता पडेल. आणि कापला. हे कारण पुरेसं नाही, माहीत आहे.

ऑक्टोबर छाटणीला माणसं कमी पडतील. मी दोन मजुरांचे महिन्याचे पैसे वेगळे पाठवीन. नाना, तुम्ही "पैशाने छाटणी होते का" असं म्हणाल, म्हणा. गुढघ्याचा पट्टा लावत जा. आई, डिपिंगला, घड औषधात बुडवताना, हातमोजे घाल, घरात तीन जोड आहेत, मीच आणलेले.

काल इथे 1 मेची सुट्टी होती, आणि लोक एकमेकांना पांढऱ्या घंटांसारख्या फुलांची एक काडी देतात, शुभ म्हणून. शेजारच्या बाईंनी मला दिली. पेल्यात ठेवलीये. वास गोड आहे, मोगऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण आहे.

आमरस झाला असेलच. फोटो पाठवू नका.

तुमची,
लेक

ता. क. खरड छाटणी झाली का? किती डोळे ठेवलेत, आणि विहिरीकडच्या चार ओळींचे ओलांडे (वेलाचे आडवे हात) यंदा बदललेत की तसेच? बारक्याला फोटो काढायला सांगा, ओलांड्याचा जवळून, आणि तुम्हीही त्यात या.